अर्धवट मॉडिफाय केलेली टर्बो रोटरी गाडी विकत घेताना: कुठे फसगत होते आणि ती कशी ओळखावी

आपल्याकडे माझदा हे नाव बहुतेकांना स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे ठाऊक आहे. त्याच जपानी कंपनीने १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट या गाडीत दोन रोटरचे (पिस्टनऐवजी फिरणारे रोटर असलेले, म्हणजे ‘रोटरी’) इंजिन बसवून विकायला आणले आणि १९७८ पासून आरएक्स-७ या मालिकेतून ते जगभर नेले. या मालिकेची तिसरी पिढी, म्हणजे १९९१ ते २००२ या काळात बनलेली ‘एफडी’, हिचे इंजिन १३बी-आरईडब्ल्यू या नावाने ओळखले जाते आणि त्यावर दोन टर्बो (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारे पंखे) असतात. अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या अनेक मराठी गाडीवेड्यांच्या मनात ही गाडी शाळकरी वयापासून घर करून असते. सुस्थितीतील गाडीची किंमत आवाक्याबाहेर गेल्यामुळे त्यांची नजर शेवटी ‘प्रोजेक्ट कार’ म्हणून विकायला काढलेल्या, कोणीतरी अर्धवट बदल करून सोडून दिलेल्या गाडीवर जाते. हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि त्यातील तपशील मुख्यतः एफडीचा असला, तरी तिच्या आधीच्या, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या, टर्बो ‘एफसी’लाही त्यातील बराचसा भाग लागू पडतो.

जाहिरातीत सहसा महागड्या भागांची यादी दिलेली असते: मोठा टर्बो, नवा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), मोठे इंजेक्टर (इंधन फवारणारे), बाहेरचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक). खरेदीदार त्या भागांच्या किमतींची बेरीज करतो आणि गाडी स्वस्तात मिळते आहे असे त्याला वाटू लागते. माझ्या मते फसगतीची सुरुवात या बेरजेतच होते. टर्बो रोटरीमध्ये कोणताही बदल एकटा येत नाही. त्याच्यामागून आणखी दोन-तीन बदल करावेच लागतात, आणि ते झालेले नसतील तर पहिला बदल हा गाडीचा दागिना नसून तिच्या इंजिनावरचा धोका असतो. म्हणून यादी वाचताना प्रत्येक भागापुढे ‘याच्या जोडीचा भाग कुठे आहे?’ हा प्रश्न लिहावा.

हे असे का, ते समजण्यासाठी इंजिनाची रचना थोडी पाहावी लागते. दोन कक्ष, प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटरचे, आणि त्यांत फिरणारे दोन तिकोनी रोटर. रोटरच्या तिन्ही टोकांवर स्प्रिंगने बाहेर ढकललेली एकेक पट्टी असते, तिला अपेक्स सील म्हणतात. १३बीच्या टर्बो इंजिनांत ती जेमतेम २ मिलिमीटर जाड असते. इंधन कमी पडले किंवा ठिणगी चुकीच्या क्षणी पडली आणि बूस्टखाली (टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबाखाली) नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी स्फोट, झाले, तर साध्या पिस्टन इंजिनाला कदाचित ते काही काळ सोसते, पण इथे ती पट्टी तडकते. तुटलेले तुकडे एक्झॉस्टच्या वाटेने थेट टर्बोच्या टर्बाइनवर आदळतात. त्यामुळे ज्या गाडीचे इंजिन एकदा असे गेले आहे, त्या गाडीचा टर्बोही हातात घेऊन, पात्यांच्या कडा बोटाने आणि टॉर्चच्या उजेडात पाहिल्याशिवाय चांगला मानू नये.

बदलांची साखळी कशी वाचावी

कारखान्यातून निघालेल्या एफडीमध्ये पहिला टर्बो कमी फेऱ्यांना काम करतो आणि मिनिटाला ४५०० फेऱ्यांच्या आसपास दुसरा त्याला येऊन मिळतो. बूस्ट साधारण १० पीएसआयच्या घरात राहतो. ही देवघेव व्हॅक्यूमच्या नळ्यांचे आणि सोलेनॉइडचे (विजेवर चालणाऱ्या झडपांचे) एक दाट जाळे सांभाळते. आता पहिल्या मालकाने काय केले असेल, याचा विचार करावा. त्याने आवाजासाठी आणि ताकदीसाठी एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील प्रदूषण कमी करणारा भाग) काढून सरळ पाइप लावला. वायू मोकळा वाहू लागल्यावर मूळचे छोटे वेस्टगेट (टर्बोला वळसा देऊन वायू बाहेर सोडणारी झडप) त्याला पुरेशी वाट देऊ शकत नाही आणि फेऱ्या वाढतील तसा बूस्ट आपोआप चढत जातो. मूळ ईसीयू ठराविक मर्यादेला इंधन तोडून इंजिन वाचवतो. गाडीला बसणारा तो झटका मालकाला आवडत नाही, म्हणून तो प्रेशर सेन्सरला फसवणारे एखादे उपकरण बसवतो. आता बूस्ट वाढतो आहे, इंधन तेवढेच आहे आणि वाचवणारे कोणी उरलेले नाही. माझ्या दृष्टीने अशा गाडीचे इंजिन गेलेलेच धरावे, मग विकणारा काहीही सांगो.

म्हणून विचारण्याचा क्रम असा ठेवावा: एक्झॉस्ट मोकळा केला असेल, तर वेस्टगेटचे तोंड मोठे केले का? टर्बो मोठा असेल, तर मूळचे इंजेक्टर (पहिली जोडी मिनिटाला ५५० सीसी, दुसरी ८५० सीसी) आणि मूळचा इंधनपंप अजून तेच आहेत का? इंजेक्टर बदलले असतील, तर ते ईसीयूला कोणी शिकवले? ईसीयूच्या डब्यावर पॉवर एफसी किंवा हॉलटेक असे नामांकित नाव असणे हा पुरावा होत नाही, कारण डब्याच्या आत कोणता नकाशा (इंधन आणि ठिणगीचे कोष्टक) भरला आहे यावरच सर्व अवलंबून असते. ट्यूनिंगचा, म्हणजे हा नकाशा जुळवतानाचा, लॉग मागावा आणि त्यात बूस्टखाली हवा-इंधनाचे प्रमाण ११ ला १ च्या आसपास टिकते की वर सरकते, ते पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ट्यूनिंगची तारीख आणि शेवटचा भाग बदलल्याची तारीख ताडून पाहावी. ट्यूनिंग झाल्यानंतर इंटरकूलर, टर्बो किंवा इंजेक्टर बदललेला असेल, तर ते ट्यूनिंग त्या गाडीचे राहिलेले नाही.

दोन्ही टर्बो एकदम चालतील असा बदल केलेल्या गाड्याही पुष्कळ मिळतात. तो बदल विचारपूर्वक करणारे लोक आहेत, पण कित्येकदा त्याचे कारण एवढेच असते की कडक झालेली एखादी नळी कुठे फुटली आहे ते सापडेना, म्हणून सारे जाळेच उपटून टाकले गेले. उघडी राहिलेली व्हॅक्यूमची तोंडे नीट बंद केली आहेत, की त्यांत स्क्रू खुपसले आहेत, हे पाहिल्यावर त्या कामामागील हाताची कल्पना येते.

कॉम्प्रेशन: इथे घाई करू नये

बहुतेक व्यवहारांत खोटे बोलले जात नाही, तर कॉम्प्रेशन (कक्षातील हवा इंजिन किती दाबते ते) अपुरे मोजले जाते. पिस्टन इंजिनासाठीचा साधा गेज स्पार्क प्लगच्या जागी लावला, तर तो तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचा आकडा पकडून ठेवतो. त्यामुळे ‘दोन्ही रोटर १०० दाखवतात’ हे वाक्य खरे असूनही एका रोटरच्या दोन बाजू मेलेल्या असू शकतात. रोटरीसाठीचा खास टेस्टर प्रत्येक रोटरचे तीन वेगळे आकडे देतो आणि इंजिन किती वेगाने फिरवले तेही नोंदवतो. २५० फेऱ्यांना ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ८५ पीएसआय, ही खालची मर्यादा आहे आणि एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १.५ किलोहून जास्त फरक असू नये. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडे, इंधन आणि इग्निशन तोडलेले आणि बॅटरी भरलेली, या चार अटी पाळल्या नसतील तर मिळालेल्या आकड्यांना अर्थ राहत नाही. डेन्व्हरसारख्या उंचावरील शहरात हवा विरळ असल्यामुळे आकडे कमी येतात. ते समुद्रसपाटीच्या मानाने सुधारून घ्यावेत.

या तीन आकड्यांची रचना पुष्कळ काही सांगते. अपेक्स सील दोन शेजारच्या बाजूंमध्ये असते, त्यामुळे ती तुटली की त्या दोन्ही बाजू एकदम पडतात. एकच बाजू कमी असेल आणि उरलेल्या दोन ठीक असतील, तर दोष बहुधा बाजूच्या सीलमध्ये असतो. तिन्ही बाजू सारख्याच कमी असतील, तर ती झीज आहे. अशी गाडी काही काळ चालते, पण तिचे इंजिन उघडण्याचा खर्च आजच किमतीतून वजा करावा.

टेस्टर मिळाला नाही तर निदान साध्या गेजची झडप उघडी ठेवून काट्याच्या उड्या मोजाव्यात: तीन, एकसारख्या, एका लयीत. लय तुटली तर तिथेच थांबावे. चाचणीपूर्वी कक्षात तेल सोडले की आकडे तात्पुरते सुधारतात, म्हणून प्लग आपल्यासमोर काढावेत आणि ते तेलकट आहेत का ते पाहावे.

गाडी पाहायला जाताना इंजिन थंडच ठेवायला सांगावे आणि पोहोचताच हात लावून खात्री करावी. ती थंडीत सहज सुरू झाली तर समाधान मानू नये, कारण दमलेल्या रोटरीची खरी परीक्षा गरम झाल्यावर होते. वीस-पंचवीस मिनिटे चालवून बंद करावी, दहा मिनिटांनी पुन्हा स्टार्टर द्यावा. तेव्हा ती फक्त फिरत राहिली आणि विकणारा ‘पेट्रोल जास्त झाले आहे’ असे म्हणाला, तर ते कारण मान्य करू नये. रोटरी फ्लड होते हे खरे आहे, पण कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनालाही हेच कारण सांगितले जाते.

पाणी, तेल आणि वायर

रोटरी इंजिन म्हणजे लोखंडी प्लेटा आणि ॲल्युमिनियमची हाउसिंग एकावर एक रचून लांब बोल्टांनी आवळलेली चळत असते आणि तिच्या सांध्यांमध्ये पाणी अडवणारी सील असतात. एकदा जोरात गरम झालेल्या इंजिनातील ही सील परत पूर्ववत होत नाहीत. थंड इंजिन सुरू करताना कूलंटच्या तोंडाशी सतत येणारे बुडबुडे, न विरणारा आणि गोडसर वासाचा पांढरा धूर, कुठेही गळती नसताना उतरणारी पातळी, ही सील गेल्याची लक्षणे आहेत. एफडीमध्ये हवा वेगळी काढणारी एक प्लॅस्टिकची छोटी टाकी असते. ती जुनी झाली की चिरते आणि पाणी निघून जाते. तिच्या जागी ॲल्युमिनियमची टाकी दिसली, तर कोणीतरी या गाडीची खरी काळजी घेतली होती असे मी समजतो. याउलट मोठा इंटरकूलर बसवताना रेडिएटरकडे हवा नेणारे पत्रे आणि खालचा ट्रे काढून फेकलेला असेल, तर ती गाडी रहदारीत तापलेलीच असणार.

तेलाबाबत एकच प्रश्न पुरतो. कक्षात थोडे थोडे तेल सोडणारा मीटरिंग पंप अजून आहे का? तो काढला असेल, तर प्रत्येक वेळी पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळावे लागते. विकणाऱ्याला कोणते तेल, किती प्रमाणात आणि शेवटचे कधी मिसळले हे पटकन सांगता आले नाही, तर सील कोरडी चालली आहेत असे धरावे.

वायरिंग मात्र मी सर्वांत जास्त वेळ पाहतो. एफडीच्या इंजिनाची उष्णता वर्षानुवर्षे खाऊन मूळ हार्नेस (वायरांचा जुडगा) कडक होतो आणि सेन्सरचे कनेक्टर हात लावताच तुटतात. त्यात नव्या ईसीयूसाठी पीळ मारून टेप गुंडाळलेले जोड आले, की एखाद्या खड्ड्यात इंजेक्टरची जोडणी क्षणभर सुटते आणि नेमक्या त्याच क्षणी बूस्ट असला तर कोणतेही ट्यूनिंग उपयोगी पडत नाही. प्लगच्या वायरही तपासाव्यात. प्रत्येक रोटरला खाली लीडिंग आणि वर ट्रेलिंग असे दोन प्लग असतात. दोन्ही रोटरच्या ट्रेलिंग वायर अदलाबदल झाल्या तरी गाडी चालू होते, पण ठिणगी भलत्या वेळी पडते. इनटेक मॅनिफोल्डखाली लपलेल्या इंधनाच्या नळ्यांचे वय विचारावे आणि पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी सुरूच करू देऊ नये.

‘इंजिन नवीन बांधले आहे’ या वाक्याला छायाचित्रे आणि पावत्या हव्यात. सील नवी, पण हाउसिंगच्या आतील क्रोमचा थर उडालेला, असे बांधकाम फार टिकत नाही. पोर्टिंगचेही (हवा-वायूंची तोंडे कापून मोठी करण्याचेही) तेच आहे: ब्रिज पोर्ट या प्रकारातील तो तुटक, धडधडता आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा ठेका) कानाला भुरळ घालतो, पण रोजच्या वापरात ते इंजिन त्रासदायक ठरते, आणि कमी कॉम्प्रेशनचे अडखळणारे इंजिनही अननुभवी कानाला थोडेफार तसेच वाटू शकते.

सांगाडा, कागद आणि किंमत

पुढचे चॅसिस रेल, सस्पेन्शनचे टॉवर आणि दारांच्या फटी पाहाव्यात. रुंद बॉडी किट असेल तर चाकाच्या कमानीत आतून हात घालावा. कापलेला पत्रा उघडाच सोडला असेल तर गंज आत सुरू झालेला असतो. अमेरिकेत टायटल (मालकीचा कागद) ‘सॅल्व्हेज’, म्हणजे विमा कंपनीने बाद ठरवलेल्या गाडीचे, नाही ना, आणि जपानहून आलेली गाडी आयातीच्या २५ वर्षांच्या नियमात बसते ना, हे आधी तपासावे. जपानी लिलावाच्या कागदावर ‘आर’ श्रेणी असेल तर ती अपघातानंतर दुरुस्त झालेली आहे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली गाडी घेण्यापूर्वी स्मॉग (धुराच्या प्रदूषणाच्या) चाचणीचा विचार करावा, तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील वाचकांनी केलेल्या बदलांचे प्रमाणपत्र मागावे, कारण ते नसेल तर विमाही अडतो.

किंमत ठरवताना इंजिन आणि टर्बो शून्य धरावेत, जोपर्यंत आकडे आपण स्वतः पाहिलेले नाहीत. खोक्यांत भरून मिळणारे सुटे भाग मोजताना काय आहे यापेक्षा काय हरवले आहे याची यादी करावी. मूळ एअरबॉक्स, मूळ ईसीयू, ब्रॅकेट आणि विशेष बोल्ट आता शोधून मिळवावे लागतात.

व्यवहार झालाच, तर गाडी चालवत घरी आणू नये, ट्रेलरवर आणावी. पहिल्या दिवशी इंजिन ऑइल काढून त्याचा वास घ्यावा, कारण त्यात पेट्रोल उतरले असेल तर इंजेक्टर गळत आहेत किंवा मिश्रण फार दाट आहे. त्यानंतर नळ्या, वायर आणि इंधनाचा दाब तपासून होईपर्यंत आणि वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा) बसवून मिश्रण स्वतः पाहीपर्यंत गाडी बूस्टमध्ये नेऊ नये.