लॅपटॉपचा फॅन सतत घोंघावत होता, प्रोसेसरचा टर्बो बंद केला आणि शांत झाला

साधं ब्राउझर उघडलं तरी फॅन फुल स्पीडला, कीबोर्डची वरची पट्टी हाताला चटका देईल इतकी गरम. आतली धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली, कूलिंग पॅडही लावून पाहिलं, फरक नावालाच. वैताग आला होता नुसता.

शेवटी चाललं ते हे: विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनसमोर चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज, त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, त्याखाली मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट. तिथे 100 चं 99 टक्के करायचं, ऑन बॅटरी आणि प्लग्ड इन दोन्हीकडे, मग अप्लाय. एकच टक्का दिसतो पण त्याने टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरने गरजेनुसार आपोआप वाढवलेला स्पीड, बंद होतो आणि प्रोसेसर बेस म्हणजे मूळ स्पीडच्या वर जात नाही, जास्तीची बरीच उष्णता त्या बूस्टचीच असते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये स्पीड उतरलेला लगेच दिसतो. व्हिडिओ एक्स्पोर्टला मात्र वेळ जास्त लागतो, तेवढ्यापुरतं परत 100 करायचं.