“ते तं माहेरी गेली”: माता-नवजात संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, नर्सिंगची एम.एस्सी. झालीय, किंवा बीएएमएस करून दवाखाना टाकायचं मन नाही. आता वर्धा, यवतमाळ, गडचिरोलीकडच्या एखाद्या प्रकल्पात रिसर्च असिस्टंट म्हणून लागायचंय, असं सांगणारी मुलंमुली हल्ली बरीच भेटतात. प्रश्न ठरलेले असतात. पगार किती, पेपरवर नाव लागतं का, पुढे पीएचडीला उपयोग होतो का. पगार बेताचा, नाव लागतंच असं नाही, उपयोग होतो. हे झालं. आता कुणी विचारत नाही त्याबद्दल सांगते.

आधी विषयाचं बघू. ज्यांना स्वतःचा प्रबंध करायचाय त्यातले निम्मे ‘मातामृत्यूची कारणं’ असा विषय घेऊन येतात. घेऊ नका. एसआरएसच्या, म्हणजे जन्ममृत्यूंच्या सरकारी नमुना नोंदणीच्या, २०१८–२० च्या अहवालात महाराष्ट्राचा आकडा लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू असा आहे, म्हणजे साधारण तीन हजार बाळंतपणांत एक. तीस हजार लोकवस्तीच्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) वर्षाला साडेचारशेच्या आसपास बाळंतपणं होतात. दोन पीएचसी घेतल्या तरी एका मृत्यूसाठी तीन वर्षं थांबावं लागेल, आणि असं थांबून राहणं कुणाला आवडणार? नवजात मृत्यूचं गणित वेगळं. एसआरएस २०२० नुसार राज्यात हजारी ११, तेव्हा त्याच तीन हजारांत तेहतीस बाळं. त्याहून सोपे विषय म्हणजे जन्मवजन, हिमोग्लोबिन, गरोदरपणातलं बीपी, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. गाईडला मोठा विषय हवा असतो, कारण प्रबंध त्यांना लिहायचा नसतो.

विदर्भात हे काम करताना राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेचं नाव पहिल्याच दिवशी कानावर येतं. गडचिरोलीतली ३९ गावं एका बाजूला, ४७ गावं तुलनेसाठी, गावातल्याच बायांना शिकवून घरी जाऊन नवजाताची काळजी, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट, १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध. हे सगळ्यांना पाठ असतं. पुढे २०११ मध्ये आशांच्या (गावातल्या आरोग्यसेविकांच्या) गृहभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला तो याच धर्तीवर. पण १९९३ ते १९९५ ही वर्षं पायाभूत नोंदींत गेली, हे मुलाखतीला आलेल्यांना विचारलं तर क्वचित कुणी सांगतं. किती जन्मली आणि किती गेली हे आधी नीट मोजता आलं, म्हणून पुढे घट झाली असं छातीठोक म्हणता आलं. तुमचं पहिलं वर्षभराचं काम हे मोजणंच असणार आहे. ते कमी दर्जाचं वाटत असेल तर दुसरीकडे अर्ज करा, खरंच सांगते.

आणि मोजणीतच तो खड्डा आहे ज्यात मीही गेले. त्यामुळे इथे मी लांबण लावणार आहे.

सहाव्या-सातव्या महिन्यात तुम्ही भेटीला जाता. सासू अंगणात धान पाखडत असते. “ते तं माहेरी गेली, ताई. आता लेकरू घेऊनच येईन.” तुम्ही टॅबवर ‘स्थलांतरित’ असा पर्याय टिचकावता आणि पुढच्या घरी जाता. फॉर्म हिरवा होतो, सुपरवायझर खूश. ओटी भरली की पहिलटकरीण माहेरी जाणार, हे तुमच्याआमच्या घरातलंच आहे, त्यात विशेष काय असं वाटतं. आमच्या प्रोटोकॉलमध्ये याबद्दल एक ओळही नव्हती. वरिष्ठांना विचारलं तर उत्तर आलं, ‘इथल्या जातात तशा बाहेर दिलेल्या लेकी इथे येतात, शेवटी हिशेब बरोबरीत सुटतो.’

सुटत नाही. का सुटत नाही ते सावकाश वाचा.

एक तर जाणाऱ्यांत पहिलटकरणी जास्त. पहिल्या बाळंतपणात उपजत मृत्यूचा आणि नवजात मृत्यूचा धोका दुसऱ्या-तिसऱ्यापेक्षा अधिक, तेव्हा तुमच्या यादीतून जास्त धोक्याच्याच बाया गळतात. मागे कोण राहतं? जिला दोन लेकरं आहेत ती, जिची आई वारली ती, जिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं ती. येणाऱ्या लेकींचं म्हणाल तर त्यांची गरोदरपणाची नोंद तुमच्याकडे नसतेच. त्यांचं बाळ दगावलं तर ते तुमच्या गावच्या मृत्यूंत चढतं, पण ज्या संख्येनं भागायचं तिच्यात ती बाई नसते.

दुसरी गोष्ट याहून वाईट. बाळ सुखरूप असेल तर ती परत येते तेव्हा गावाला कळतं. अंगणवाडीत नाव लागतं, लसीकरणाच्या दिवशी ती कार्ड घेऊन उभी असते, आशाताई स्वतः सांगते. बाळ गेलं असेल तर? ती दोन महिने जास्त माहेरी राहते. मग एका संध्याकाळी एसटीनं येते आणि दुसऱ्या दिवशी वेचणीला जाते. कुणी विषय काढत नाही, तुम्हालाही कुणी सांगत नाही. म्हणजे जिवंत बाळं आपोआप सापडतात, गेलेली शोधावी लागतात. सापडणं-न सापडणं हे बाळ जगलं की नाही यावरच ठरत असेल, तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहून त्या बाया गाळणं म्हणजे मृत्यू गाळणं.

आकडे मनानं घेते, हिशेब कळावा म्हणून. दोनशे गरोदर बाया नोंदल्या, जुळी सोडून देऊ. १४० सासरीच बाळंत झाल्या, त्यांची दोन बाळं गेली. ६० माहेरी गेल्या. त्यातल्या ४० जणी बाळ घेऊन परत आल्या, सगळी ठणठणीत. उरल्या २०, ‘स्थलांतरित’. त्यांना वगळून तुम्ही १८० मध्ये दोन असा दर काढता: हजारी ११. राज्याच्या आकड्याशी जुळला म्हणून सगळे माना डोलावतात. आता समजा त्या २० जणींची दोन बाळं गेलेली होती. मग २०० मध्ये चार, हजारी २०. जवळपास दुप्पट. यात खोटा फॉर्म एकही नाही.

आणखी पुढे चला. समजा, तुमच्या प्रकल्पाच्या गावांत आशाताईला फोनचे पैसे मिळतात म्हणून ती माहेरी फोन लावते, आणि तुलनेच्या गावांत कुणी लावत नाही. तुमच्याकडे मृत्यू जास्त सापडतील आणि उपाय चांगला असूनही वाईट ठरेल. उलट झालं तर फोल उपाय पेपरात झळकेल.

मग करायचं काय? पहिल्या नोंदणीलाच माहेरचं गाव, तालुका आणि भावाचा किंवा वडिलांचा नंबर घ्या. तिचा स्वतःचा नंबर बहुतेकदा नवऱ्याच्या खिशातल्या फोनचा असतो, तोही रिचार्ज संपला की बंद. माहेरी संपर्क करू का, हे संमतीपत्रातच विचारा आणि तिलाच विचारा. सासूनं मान हलवली म्हणजे संमती झाली असं नसतं. तिनं नको म्हटलं तर नको. कुणाला केव्हा मोजायचं हे अभ्यास सुरू होण्याआधी कागदावर ठरवा: जिथे गरोदरपण नोंदलं ती बाई शेवटपर्यंत त्याच गावची, मग ती बाळंत कुठेही होवो. आलेल्या लेकींना वेगळी खूण. ओटीची तारीख आशाताईला विचारून ठेवा, त्याच्या आधी एक भेट उरका. मग तारखेच्या सुमारास एक फोन, बाळंतपणानंतर सातव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सव्वा महिना ती घरातच असते, ते सोयीचं पडतं. माहेरच्या आशाताईचा नंबर पीएचसीतून मिळतो, आरसीएच नंबर (गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) सांगितला की सिस्टरही शोधून देते. सगळ्या सापडणार नाहीत. न सापडलेल्या किती, त्यातल्या पहिलटकरणी किती, हे अहवालात उघड लिहा, आणि त्या सगळ्यांचं वाईट झालं असं धरलं तर दर कुठे जातो तेही काढून दाखवा.

फोनवर पहिला प्रश्न ‘बाळ कसं आहे?’ असा कधीच विचारू नका. ‘ताईची तब्येत कशी आहे?’ एवढंच. पुढचं समोरून येतं.

एवढं वाचून घाबरला असाल तर थोडं थांबा. हे अवघड नाही, चिकाटीचं आहे. एक रजिस्टर, एक पेन आणि फोनचं बिल देणारा प्रकल्प, इतक्यात होतं. पहिले दोन-तीन महिने काहीच उमगत नाही, रोज वाटतं की आपण फक्त चहा पीत फिरतोय. तो चहा नाकारू नका. जेवढी घरं तुम्हाला ओळखतात तेवढेच मृत्यू तुम्हाला कळतात.

बाकीचं भराभर. कापसाच्या वेचणीत आणि सोयाबीनच्या सोंगणीत दुपारी गावात फक्त म्हातारी माणसं आणि कुत्री. सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीला जा. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याकडे काम मिळालं तर होळीचे दिवस मोकळे ठेवा, बाहेर कामाला गेलेले कोरकू लोक तेव्हा परततात. शेवटच्या पाळीची तारीख कुणाला आठवत नाही, पण ‘पोळ्याच्या आधी की महालक्ष्म्यांनंतर’ असं विचारलं तर आठवड्यापर्यंत पोचता येतं. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी असेल तर तीच धरा. वजनकाटा रोज सकाळी माहीत असलेल्या वजनानं तपासा. जन्मवजनांच्या यादीत बरोबर २५०० ग्रॅमची रांग लागली असेल तर काट्यापेक्षा माणसाकडे बघा, कारण २५०० च्या खाली, म्हणजे २४८० लिहिलं, की बाळ कमी वजनाचं ठरतं आणि पुढचं काम वाढतं. टेबलावर बसून भरलेले फॉर्म मला वासावरून कळतात: प्रत्येकीचं बीपी १२०/८०.

उपजत मेलेलं की जन्मून गेलेलं, हे दवाखान्याच्या कागदावर विसंबून ठरवू नका. रडलं का, श्वास घेतला का, हातपाय हलवले का, नाळ उडत होती का, असं आईला आणि तिच्यासोबत असलेल्या बाईला विचारा. यातलं एकही चिन्ह दिसलं असेल तर तो जिवंत जन्म.

हे इतकं बारकाईनं कशाला, असं वाटतं तेव्हा मी नव्या मुलांना २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या स्टेरॉइडच्या अभ्यासाबद्दल सांगते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला देतात ती इंजेक्शनं. मोठ्या रुग्णालयांत गुण सिद्ध झालेला. भारतासह सहा देशांत गावपातळीवर त्यांचा वापर वाढवून पाहिला. सर्वांत कमी वजनाच्या बाळांत मृत्यू कमी झाले नाहीत, आणि सगळी बाळं धरली तर नवजात मृत्यू हजारी साडेतीननं वाढले. फक्त लहान बाळं मोजली असती तर हे कुणाला दिसलंच नसतं.

मृत्यूनंतरची मुलाखत, म्हणजे व्हर्बल ऑटोप्सी, नव्या माणसाला एकट्यानं करायला लावतात, ते मला मान्य नाही. आधी दोन-तीन वेळा जुन्या माणसाबरोबर नुसतं बसा. काही आठवडे जाऊ द्या. प्रश्नावली आधी उघडू नका, तिला तिच्या क्रमानं सांगू द्या. कारण बहुतेकदा त्यातच सापडतं, गाडी किती वाजता सांगितली, कुठून कुठे पाठवलं, कुणी हात लावला नाही. मला अजूनही अशा मुलाखतीच्या रात्री झोप लागत नाही. लागायला लागली तर काळजी करेन. पण तुमच्या प्रकल्पात याबद्दल बोलायला कुणी नसेल तर स्वतःहून कुणीतरी शोधा, यात कमीपणा नाही.

आणि भेटीत आजारी बाळ दिसलं तर? दूध ओढत नाही, अंग थंड लागतं, छाती आत ओढली जाते, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास. ‘आपण फक्त निरीक्षक आहोत’ असं सांगणारे विद्वान भेटतील. त्यांना मान द्या आणि १०८ ला फोन करा. नोंद करा की आपण पाठवलं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचना मुळातून वाचा, मग कुणी दटावलं तर उत्तर तयार असेल.

गुरू कुणाला करायचं याबद्दल माझं मत जरा एकांगी आहे. नागपूरला बसून फक्त तक्ते बघणारा गाईड कितीही नावाजलेला असो, त्याच्याकडून तक्ते शिका. बाकी सगळं उपकेंद्रातल्या निवृत्तीला आलेल्या सिस्टरकडून. तिला कुठल्या घरात कुणाला दिवस गेलेत हे नोंदणीच्या आधी माहीत असतं. मात्र तिच्या रजिस्टरचे फोटो काढून स्वतःचा फॉर्म भरायचा मोह आवरा. तिचं रजिस्टर तिच्या कामासाठी आहे, त्यातल्या चुका मग तुमच्या होतात.

मुलाखतीला जाल तेव्हा शेवटी विचारतात, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ तिथे पगाराआधी हे विचारा: माहेरी गेलेल्या बायांचा पाठपुरावा तुम्ही कसा करता, आणि त्यासाठी बजेटमध्ये वेगळी रक्कम आहे का? टेबलापलीकडे दोघं एकमेकांकडे बघायला लागले तर ऑफर आली तरी दोन दिवस मागून घ्या. कुणी ड्रॉवरमधून रजिस्टर काढून दाखवायला लागलं, तर पगार थोडा कमी असला तरी रुजू व्हा.