ताण तोडायच्या दिवशी पंप सुरू व्हायला हवा: छोट्या पेट्रोल इंजिनाची देखभाल

आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी) संत्र्याची बाग ताणावर सोडली, म्हणजे झाडांचं पाणी तोडलं, की डिसेंबरात ओलित बंद होतं. धुऱ्यावरचा पेट्रोलवर चालणारा पाण्याचा पंपही मग झाकून ठेवला जातो. जानेवारीत ताण तोडायच्या, म्हणजे बागेला पुन्हा पाणी द्यायच्या, दिवशी मात्र तो लगेच सुरू व्हायला हवा. काटोलजवळच्या आमच्या वावरात एका वर्षी तो झालाच नाही. मी आणि काका आळीपाळीनं दोरी ओढत राहिलो, तळहाताला फोड आले. शेवटी कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, वाटी खोलली. तळाला पाण्याचा एक थेंब गोळीसारखा इकडून तिकडे फिरत होता, आणि जेटच्या (पेट्रोल जायच्या बारीक भोकाच्या) तोंडाशी पिवळट, चिकट थर बसला होता. इंजिनात दोष काहीच नव्हता. पावसाळा संपताना भरलेली टाकी आम्ही तशीच ठेवली होती, तिनं घात केला.

म्हणून सगळ्यात आधी पेट्रोलचं सांगतो. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा फार झाला की पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. इंजिन महिनाभर लागणार नसेल तर हे करा:

१. टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढून घ्या. हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना करायचं. आसपास विडी-काडी नको.
२. उरलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू करा आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा. काही मिनिटांत ते आपोआप बंद पडेल.
३. कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू ढिला करून राहिलेले थेंब काढा, स्क्रू परत कसा.
४. स्पार्क प्लग काढून त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाका. दोरी दोन-तीनदा सावकाश ओढा आणि प्लग बसवा. मग हाताला जोर लागेपर्यंत दोरी ओढून तिथंच थांबवा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, त्यामुळे आत दमट हवा शिरत नाही.

एवढं केलं तरी निम्मी दुखणी टळतात. बाकीची देखभाल कामाच्या तासांवर चालते. मी पंपाच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं तास मांडतो.

कुठलंही काम हाती घेण्याआधी प्लगची टोपी ओढून बाजूला करा. हे विसरू नका. चुकून दोरी ओढली गेली तर इंजिन सुरू होऊन बोटं जातील.

ऑइल रोज, इंजिन सुरू करण्याआधी बघायचं. इंजिन सपाट जागी ठेवा, डिपस्टिक (ऑइल मोजायची कांडी) पुसा, पुन्हा घालून बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल २० तासांनी बदला, पुढे १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि धूळही भरपूर. म्हणून मी ५० तासांवरच बदलतो. साडेपाच हॉर्सपॉवरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात साधारण ६०० मिली ऑइल बसतं. पाच मिनिटं चालवून, इंजिन कोमट असताना काढलं की गाळही सोबत निघतो. काढलेलं काळं ऑइल विहिरीजवळ किंवा नाल्यात अजिबात ओतू नका; डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. फवारणीचा पंप टू-स्ट्रोक असेल तर त्याला वेगळं ऑइल भरायची जागा नसते. मशीनवर लिहिलेल्या प्रमाणात टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं.

एअर फिल्टरकडे आपलं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. उन्हाळ्यात, वखरणीच्या दिवसांत तो आठवड्यातून एकदा तरी उघडा. फोम असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात दाबून दाबून धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग थोडं इंजिन ऑइल लावून जास्तीचं दाबून काढा. पिळू नका, फोम फाटतो. कागदाचा फिल्टर धुवायचा नाही. हलक्या हातानं आपटून धूळ झाडा, नाही निघाली तर बदला. फिल्टर काढून ठेवून इंजिन चालवणारे लोक मी पाहिले आहेत. आत गेलेली माती पिस्टन आणि सिलेंडर खाऊन टाकते, त्यापुढे नव्या फिल्टरची किंमत काहीच नाही.

प्लग मात्र बोलतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर फिल्टर तुंबलाय किंवा पेट्रोल जास्त जातंय. पांढरं पडलं असेल तर इंजिन तापतंय. तारेच्या ब्रशनं साफ करा, फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं) टोकाची फट ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. बसवताना आटे आधी हातानंच फिरवा आणि शेवटी पान्हा लावा. तिरका गेला तर हेडचे आटे जातात.

सिलेंडरभोवतीच्या पट्ट्यांमध्ये कुटार (भुसा) आणि धूळ अडकते. हे इंजिन हवेवरच थंड होतं, म्हणून दोरीकडचं झाकण काढून कोरड्या ब्रशनं त्या फटी मोकळ्या करा.

शहरात घरी जनरेटर असेल तर एक गोष्ट कळकळीनं सांगतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, लाइट गेली की तो खिडकीतल्या कूलरजवळ ठेवून सुरू करू नका. कूलर बाहेरची हवा घरात ओढतो, तिच्यासोबत धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू झोपायच्या खोलीत येतो. त्याला वासही नसतो.

ताण तोडायच्या आदल्या संध्याकाळी ताजं पेट्रोल भरा, ऑइल बघा, पंपाच्या पोटात पाणी भरा. कोरडा चालवला तर सील जळतं. कॉक उघडा, चोक ओढा. दोरी आधी हळू ओढा, जोर लागला की सोडून आत जाऊ द्या, मग एका दमात ओढा. इंजिन सुरू झालं की चोक हळूहळू परत करा आणि पाणी पाइपातून बाहेर पडेपर्यंत तिथून हलू नका.