पोकलेन लावायच्या आधी ओढा मोजून घ्या

केज तालुक्यात आमच्या शेताच्या पूर्वेला एक ओढा आहे. बालाघाटाच्या अंगाने उतरतो आणि मांजरेला जाऊन मिळतो. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं तेव्हा, गावोगाव ओढे खोल करायची कामं चालू होती. आमच्याकडेही पोकलेन आलं. दोन वळणं काढून ओढा सरळ केला आणि आठ फूट खोल नेला. सगळ्यांना आनंद झाला, मलाही. सप्टेंबरअखेर मोठा पाऊस आला आणि ओढ्याने खालून वर जमीन खायला सुरुवात केली. तीन पावसाळ्यांत आठ गुंठे काळं रान आणि वडिलांनी लावलेला करंज गेला. तेव्हापासून मी ओढा मोजतो. ते कसं करायचं, तेच इथे सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ओढ्यातून नुसतं पाणी वाहत नाही, त्याच्याबरोबर माल वाहतो: गोटे, वाळू, गाळ. पाणी किती, उतार किती, माल किती आणि तो किती जाड, या चौघांचा मेळ बसला की पात्र जागेवर राहतं. लेन नावाच्या अमेरिकी अभियंत्याने १९५५ मध्ये हे गणित मांडलं. त्यातलं एक बदललं की बाकीचे हलतात. आमचं एक वळण ३०० फूट लांब होतं आणि तेवढ्यात तीन फूट उतार होता. सरळ केल्यावर तेच तीन फूट १५० फुटांत उतरू लागले, म्हणजे उतार दुप्पट. ढोबळ हिशेब असा की वेग दुप्पट झाला तर पाण्याला ढकलता येणाऱ्या मोठ्यात मोठ्या दगडाचं वजन चौसष्टपट होतं. पाण्याच्या अंगात असा जोर आला आणि वरून माल तेवढाच येत राहिला, तर उरलेला माल ते तळातून आणि काठातून काढतं.

म्हणून ज्येष्ठात, पावसाच्या आधी, ओढा पायी चाला. खालच्या टोकाकडून वर या. तळात अचानक दोन-तीन फुटांची पायरी लागते का ते बघा. खालचं पात्र खोल केलं की अशी पायरी तयार होते. प्रत्येक पुरात पाणी तिच्यावरून पडतं, पायथा पोखरतं आणि ती वर सरकते. तिच्या वाटेत पूल, बंधारा किंवा विहीर असेल तर आजच नोंद करा. बंधाऱ्याच्या खालची बाजूही नीट बघा. बंधाऱ्यात गाळ टाकून आलेलं पाणी उपाशी असतं, ते लगेच खाली तळ उकरतं.

मग वळणं. वळणावर वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळतं आणि तिथून खाली बुडी मारतं. तळाचं पाणी वाळू घेऊन आतल्या काठाकडे सरकतं. त्यामुळे बाहेर डोह आणि उभी दरड, आत वाळूचा उतरता पट्टा. आतल्या पट्ट्यावर चढून विचारू नका की एवढी वाळू इथे का साठली, काढून टाकू. ती काढली तर पुढच्या पुरात पाणी ती भरून काढायला दुसरीकडून माल उचलणार.

दरडीचे थर आमच्याकडे फार बोलके असतात. वर काळी माती, खाली चुनखडीचे खडे, त्याखाली मुरूम. काळी माती चिकट असल्यामुळे पाण्याला एकदम तुटत नाही. बारीक वाळू तिच्यापेक्षा लवकर उचलली जाते. पण खालचा मऊ मुरूम आधी झिजतो, काळी माती छज्जासारखी लटकते आणि उन्हाळ्यात पडलेल्या भेगांवरून सुटते. पूर ओसरल्यावर हा धोका सगळ्यात जास्त, कारण काठ पाणी पिऊन जड झालेला असतो आणि समोरचं पाणी मात्र उतरलेलं असतं. पुराच्या दुसऱ्या दिवशी काठावर उभं राहू नका, जनावरंही तिकडे सोडू नका.

आता मोजणी. दोन्ही काठांवर समोरासमोर गजाच्या खुंट्या रोवा, सुतळी ताणा आणि दर दोन फुटांवर सुतळीपासून तळापर्यंत टेपने मोजा. अशा तीन जागा पुरेत: एक वळणावर, एक सरळ भागात, एक पायरीच्या वर. उतारासाठी गवंड्याची पाण्याची नळी चांगली. दगडांसाठी नागमोडी चालत, न बघता, पायाच्या अंगठ्याजवळचा दगड उचला. तो ना सगळ्यात लांब, ना सगळ्यात पातळ, अशा मधल्या बाजूने मोजा आणि परत ठेवा. असे शंभर. लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले की मधला आकडा म्हणजे तुमच्या ओढ्याचा नेहमीचा दगड. चपटे दगड कौलांसारखे एकमेकांवर रेललेले दिसले, तर त्यांच्या उचललेल्या कडा प्रवाहाच्या खालच्या दिशेला असतात. ते दगड पुरानेच तसे लावलेले असतात.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बैलाच्या जुन्या साखळीने. वाळूच्या भागात तीन फूट खोल खड्डा करून साखळी उभी पुरायची, वरचं टोक वाळूच्या बरोबरीला. जागा काठावरच्या झाडापासून मोजून लिहायची. पुरात वाळू जेवढी खरवडली जाते तेवढी साखळी उघडी पडून आडवी होते, नंतर ओसरत्या पाण्यात वरून नवी वाळू बसते. दसऱ्याला उकरलं की वाकलेली जागा पूर किती खोल गेला ते सांगते आणि तिच्यावरचा थर परत किती भरलं ते सांगतो. एका वर्षी पात्र वरून जसंच्या तसं दिसत होतं. उकरलं तर साखळी दीड फुटावर वाकलेली निघाली. म्हणजे पुरात दीड फूट वाळू गेली होती आणि तेवढीच परत आली होती.

पूर असताना पाण्यात उतरू नका. काठावरून लिंबू टाका, तीस फूट जायला किती सेकंद लागतात ते मोजा. तो वरचा वेग, सरासरी त्याच्या साधारण आठ दशांश असते. पात्र काठोकाठ भरणारे, वर्ष-दोन वर्षांतून एकदा येणारे पूर पात्राला आकार देण्याचं बरंचसं काम करतात, तेव्हा तो दिवस चुकवू नका.

हे झालं की मगच काम. पायरीला आणि वरच्या ओघळींना अनघड दगडांचे बांध घाला. मध्यभाग कडांपेक्षा खाली ठेवा, टोकं काठात घुसवा, आणि खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत आणा. वळणावर मोठे दगड दरडीच्या पायथ्याला टाका, वरच्या अंगाला पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, करून पैसे घालवू नका. काठावर निरगुडी, वाळा, करंज लावा. गाळ उचलायचा तर तलावातला उचला, तो शेताला सोनं आहे.

यंदा पहिल्या सुतळीखाली पात्र चार इंच भरलंय. तिसरीखाली अजून सहा इंच खाली गेलंय. तिथे टाकायला बांधावरचे दगड मी वेचून ठेवलेत. पाणी आटलं की पहिला बांध तिथेच.