मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली? या चुका टाळा

यावलचे माझे मामा चहा पिताना डावा हात मांडीखाली दाबून बसायचे. अंगठा आपोआप उडायचा, मिनिटभराने थांबायचा. "शिरेवर शीर चढली असेल," म्हणायचे आणि केळीच्या बागेत निघून जायचे. असे चार महिने गेले. मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, बांधावर कोसळले आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं. ऊन लागलं, असंच सगळ्यांना वाटलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ निघाली.

झटका आपोआप थांबला म्हणून सोडून देणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मेंदूच्या पेशी विजेच्या बारीक संकेतांवर चालतात. गाठ शेजारच्या पेशींना डिवचते, भोवती सूज आणते, मग तिथली वीज उसळते. उजवा मेंदू डावं अंग चालवतो, म्हणून मामांचा डावा अंगठा. गाठ कानशिलाच्या बाजूला असेल तर नसलेला वास येतो, माणूस क्षणभर शून्यात बघत राहतो. घरचे 'बाहेरचं' समजून त्याला भगताकडे नेतात. हळू वाढणाऱ्या गाठींमध्ये तर फिट जास्त येतात, तेव्हा 'वर्षभर होतंय, काही झालं नाही' यात दिलासा नाही.

प्रत्येक फिटमागे गाठच असते असं नाही. आपल्याकडे मेंदूत शिरलेल्या फीतकृमीच्या (पट्टीसारख्या जंताच्या) अळ्या आणि मेंदूचा क्षय हीसुद्धा मोठी कारणं आहेत. म्हणून तर तपासणी हवी. साध्या सीटी स्कॅनमध्ये लहान गाठ निसटू शकते. एमआरआय लागेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

मामांना त्या दिवशी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. दातखीळ सोडवायला चमचा घातला, त्यात पुढचा दात तुटला. यातलं काहीच करू नका. हातपाय दाबून धरू नका, तोंडात पाणीही घालू नका. कुशीवर वळवा, गळ्याजवळचं सैल करा, घड्याळ बघा. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला तर डॉक्टरांना फार उपयोग होतो. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल, तर १०८ ला फोन करा.

ऑपरेशननंतर "गाठ गेली, आता गोळ्या कशाला?" म्हणून मामांनी गोळ्या मनानेच सोडल्या आणि पुन्हा फिट आली. गाठ काढल्यावरही तिथला व्रण किंवा उरलेला अंश झटके आणू शकतो. गोळ्यांनी चिडचिड होत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते औषध बदलतील. आणि त्यांनी मोकळीक देईपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर बंद. विहिरीवर एकटं जाणंही बंद.