संस्कृत घेऊन एम.ए. करताय? मग या चुका टाळा

दहावीला संस्कृतात ९५ गुण मिळवलेली मुलं एम.ए.च्या पहिल्याच सत्रात अडखळतात. शाळेत धडे ठरलेले, भाषांतर पाठ, रूपं तोंडावर. विद्यापीठात न शिकवलेला उतारा समोर येतो आणि 'रामः रामौ रामाः' घडाघडा म्हणता येऊन काही उपयोग होत नाही. त्यात आपण मराठी, म्हणजे निम्मे शब्द ओळखीचे. खरा घोळ तिथेच होतो.

ओळखीचा शब्द कोशात न पाहणं

गीतेत स्थितप्रज्ञाला 'वीतरागभयक्रोधः' म्हटलंय (२.५६). इथे राग म्हणजे आपला मराठी राग असं धरलं, तर पुढचा क्रोध कशाला आलाय? संस्कृतात राग म्हणजे आसक्ती, ओढ. इथे निदान शेजारच्या शब्दानं सावध केलं, एरवी कुणी करत नाही. 'चेष्टा' म्हणजे हालचाल किंवा खटपट, थट्टा नव्हे. 'शिक्षा' हे तर सहा वेदांगांपैकी एक, उच्चारांचं शास्त्र. (अभ्यासताना ते मराठी अर्थानेही शिक्षा वाटतं, तो भाग वेगळा.) अनोळखी शब्दाला आपण कोश उघडतोच. ओळखीच्या शब्दालाही उघडायचा, निदान पहिलं वर्षभर.

कोशात शब्द 'सापडत नाही'

बहुतेक वेळा तो असतो, आपण चुकीच्या पानावर असतो. क्ष आणि ज्ञ शाळेच्या वर्णमालेत शेवटी येतात. संस्कृत कोशात क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये पाहायचा. दुसरी गोष्ट उपसर्गांची. 'अवगच्छति' हवं असेल तर वामन शिवराम आपट्यांच्या कोशात 'गम्' धातूखाली जायचं आणि तिथे 'अव' शोधायचं. मोनिअर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात मात्र तेच 'अवगम्' म्हणून अ मध्ये मिळतं. दोन्ही कोश कलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात, पण ही मांडणी माहीत नसेल तर तिथेही हात हलवत परत यावं लागतं.

ओळ डावीकडून उजवीकडे लावत जाणं

कालिदासाच्या रघुवंशाचा पहिला श्लोक घ्या:

वागर्थाविव संपृक्तौ वागर्थप्रतिपत्तये।
जगतः पितरौ वन्दे पार्वतीपरमेश्वरौ॥

पाठांतर सगळ्यांचं असतं. अन्वय, म्हणजे शब्दांचा वाक्यातला सरळ संबंध, विचारला की हमखास कुणीतरी पार्वती-परमेश्वरांना कर्ता करून टाकतं, कारण द्विवचनात प्रथमा आणि द्वितीया सारखीच दिसते. आधी क्रियापद गाठा. 'वन्दे' उत्तम पुरुष, एकवचन, म्हणजे कर्ता न लिहिलेला 'अहम्' (मी). मग वंदन कुणाला? पार्वतीपरमेश्वरौ. ते कसे? संपृक्तौ, एकमेकांत मिसळलेले. कशासारखे? वागर्थाविव, शब्द आणि अर्थ यांसारखे. कशासाठी? वागर्थप्रतिपत्तये, शब्द आणि अर्थ नीट कळावेत म्हणून. आता उलगडत गेलं. रघुवंशाचं विवरण लिहिणारा मल्लिनाथ आपल्या टीकेच्या आरंभीच सांगतो की सगळं व्याख्यान अन्वयाच्या वाटेनेच करणार. त्याची टीका परीक्षेपुरती न वाचता त्याच्यासोबत रोज एक श्लोक लावला, तर एका सत्रात फरक पडतो. इंग्रजी भाषांतर शेजारी उघडं ठेवून वाचणं म्हणजे वाचन नव्हे. ते नंतर, आपला अन्वय तपासायला.

नाटकातली प्राकृत वाक्यं गाळणं

शाकुंतलात शकुंतला आणि तिच्या सख्या प्राकृत बोलतात. छापील प्रतीत खाली संस्कृत छाया, म्हणजे त्याच वाक्याचं संस्कृत रूप, असते आणि वर्गातली बहुतेक नजर थेट छायेवर जाते. मग सहाव्या अंकातला कोळी मागधी बोलतो, तिथे र चा ल आणि स चा श होतो, हे लक्षातच येत नाही. अंगठी सापडल्याच्या त्या प्रसंगाची निम्मी गंमत बोलीत आहे. नाटकातली प्राकृत पद्यं बहुतेक माहाराष्ट्रीत असतात, म्हणजे आपल्या भाषेच्या जवळच्या पूर्वजात. ती मराठी विद्यार्थ्यानेच सोडून द्यावीत, हे मला तरी पटत नाही.

'महाभारतात असं म्हटलंय'

कुठल्या महाभारतात? प्रबंधिकेत, म्हणजे एम.ए.च्या छोट्या प्रबंधात, सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात १२५९ हस्तलिखितं तपासून चिकित्सक आवृत्ती, म्हणजे ती ताडून ठरवलेला पाठ, सिद्ध केली. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, ही आपली लाडकी कथा त्या आवृत्तीच्या मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. मूळचे कोपरगावचे असलेल्या नीलकंठ चतुर्धरांच्या टीकेसह छापलेल्या पाठात ती मिळते. म्हणून कथा एका आवृत्तीतली आणि श्लोकक्रमांक दुसरीतला, असं झालं की परीक्षक पहिल्याच पानावर पकडतात. आवृत्तीचं नाव लिहा, आणि चिकित्सक आवृत्ती वापरत असाल तर पानाखालच्या बारीक टायपातले पाठभेद (हस्तलिखितांतले वेगळे पाठ) वाचा. मला विचाराल तर तिथेच खरी मौज आहे.

जर्मन 'नंतर बघू' म्हणणं

१८५५ ते १८७५ मध्ये सात खंडांत निघालेला सेंट पीटर्सबर्गचा संस्कृत कोश जर्मनमध्ये आहे, वेदांवरचं बरंच मूलगामी कामही त्याच भाषेत. पुढे संशोधन करायचं मनात असेल तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटचे वर्ग आहेत. प्रवेश पहिल्या वर्षीच घ्या. प्रबंधिका अंगावर आल्यावर जर्मन विभक्त्या डोक्यात शिरत नाहीत.