आयपी पत्त्यावरून इंटरनेट कंपनी कशी ओळखायची: गावाकडून साइट चालवणाऱ्यांसाठी

एटापल्लीत बसून एखादी साइट उघडली की ती सांगते, 'तुमची कंपनी जिओ, ठिकाण मुंबई'. कंपनी बरोबर, गाव साफ चूक. दोन्ही उत्तरं एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवर तुमच्या जोडणीला मिळालेल्या आकड्यांच्या पत्त्यावरून काढलेली असतात, पण एक नोंदीवर उभं आहे आणि दुसरं अंदाजावर. कापसाचे भाव दाखवणारी, शाळेची किंवा सेवा केंद्राची साइट सांभाळणाऱ्याला हा फरक नीट कळायला हवा. कोणत्या नेटवर्कवर पान अडकतंय ते त्यातून शोधता येतं, आणि भलत्याच कास्तकाराला ब्लॉक करणं टळतं.

साइट तुमच्या मोबाइलला कंपनीचं नाव विचारत नाही. उत्तर परत कुठे पाठवायचं ते कळावं म्हणून प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे पाठवलेल्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर, पाठवणाऱ्याचा पत्ता असतोच. तो पत्ता घेऊन साइट तक्त्यात बघते, एवढंच. हे तक्ते दोन प्रकारचे आहेत.

पहिला तक्ता वाटपाचा. जगभराचे पत्ते आयाना ही संस्था खंडवार वाटते. आशिया-प्रशांत विभागाचा वाटा ब्रिस्बेनच्या एपनिक या नोंदणी संस्थेकडे येतो. भारतात २०१२ पासून इरिन ही नोंदणी संस्था निक्सीच्या (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) छत्राखाली कंपन्यांना पत्त्यांचे गट देते. ही नोंद हूइज या चौकशी सेवेतून किंवा तिच्या जागी आलेल्या आरडॅपमधून कोणालाही पाहता येते.

दुसरा तक्ता रस्त्यांचा, म्हणजे बीजीपीचा. नेटवर्कं एकमेकांना रस्ते सांगतात ती पद्धत म्हणजे बीजीपी. 'हा गट माझ्याकडे आहे, इकडे पाठवा' असं प्रत्येक नेटवर्क आपला एएस क्रमांक, म्हणजे त्या नेटवर्कचा ओळख क्रमांक, लावून जगाला जाहीर करत असतं. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिती दुसऱ्याची, असं जे शेतात होतं तेच इथेही होतं. हूइज मालक सांगतं, बीजीपी आज कोण वाहतंय ते सांगतं. कंपनी ओळखायला बीजीपीचा तक्ता जास्त कामाचा.

तालुक्याच्या केबलवाल्याकडून फायबर घेतलं असेल तर हा फरक लगेच दिसतो. पावती केबलवाल्याच्या नावाची, पण त्याचा स्वतःचा एएस क्रमांक नसला तर साइटला वरच्या मोठ्या कंपनीचंच नाव दिसतं. ही चूक नाही. पैसे कोणाला देता हे आयपीला माहीतच नसतं.

आधी स्वतःच्या जोडणीवर पाहा

वायफाय बंद करा, व्हीपीएन बंद करा, आयफोन असेल तर प्रायव्हेट रिले बंद करा; या शेवटच्या दोन सोयी खरा पत्ता लपवतात. दोन सिमचा फोन असेल तर सेटिंगमध्ये डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर जाण्याची सोय बंद करा. बीएसएनएल तपासतोय असं वाटतं आणि उत्तर एअरटेलचं येतं, त्याचं कारण बऱ्याचदा हीच सोय असते.

आता ब्राउझरमध्ये हरिकेन इलेक्ट्रिक कंपनीची बीजीपी साइट उघडा: बीजीपी डॉट एचई डॉट नेट. पहिल्याच पानावर तुमचा पत्ता, तो कोणत्या गटातून जाहीर होतो आणि एएस क्रमांक, तिन्ही दिसतात. क्रमांक ५५८३६ म्हणजे जिओ, ९८२९ म्हणजे बीएसएनएल, ४५६०९ म्हणजे एअरटेल मोबाइल, २४५६० म्हणजे एअरटेलचं घरगुती ब्रॉडबँड, ३८२६६ म्हणजे व्होडाफोन आयडिया. पत्ता लांब आणि विसर्गासारख्या टिंबांचा असेल तर तो आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा आहे; चार आकड्यांचा जुना पत्ता तो आयपीव्ही४. २४०९:४० ने सुरू झाला तर जिओ, २४०१:४९०० ने सुरू झाला तर एअरटेल, इतकं तर नुसत्या नजरेनेही कळतं.

घरी राउटर असेल तर त्याच्या पानावर वॅन पत्ता, म्हणजे कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता, पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. तिथे कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यावर अनेक ग्राहक बसवते. साइटला दिसणारा पत्ता तुमच्या एकट्याचा नसतो. १९२.१६८ किंवा १०. ने सुरू होणारे पत्ते तर इंटरनेटवर जातच नाहीत, ते कुठल्याही तक्त्यात शोधू नका.

आता तुमच्या साइटवर

सगळ्यात जास्त गडबड पहिल्याच पायरीला होते: चुकीचा पत्ता उचलला जातो. साइट क्लाउडफ्लेअरसारख्या सीडीएनमागे, म्हणजे पाहुणा आणि तुमचा सर्व्हर यांच्या मधे बसून पानं पोहोचवणाऱ्या सेवेमागे असेल तर सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक पाहुणा क्लाउडफ्लेअरचा दिसतो. खरा पत्ता सीएफ-कनेक्टिंग-आयपी या हेडरमध्ये, म्हणजे विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळीत असतो. तुमचा वेब सर्व्हर एन्जिनएक्स असेल तर रिअल आयपी मॉड्यूल लावून तो घ्या, पण जोडणी क्लाउडफ्लेअरने जाहीर केलेल्या पत्त्यांवरून आली असेल तेव्हाच. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमध्ये तर कोणीही मनाला येईल तो पत्ता लिहून पाठवू शकतो. तो वाचायचाच असेल तर उजवीकडून वाचा. तुमच्या स्वतःच्या प्रॉक्सीने (साइटपुढे बसवलेल्या मधल्या सर्व्हरने) जोडलेला भाग तिकडे असतो, डावीकडचा भाग पाहुण्याने लिहिलेला असू शकतो.

मग साठवण. जुन्या कोडमध्ये आयपीचा रकाना १५ अक्षरांचा असतो. आयपीव्ही४ त्यात मावतो, आयपीव्ही६ अर्धवट कापला जातो, आणि जिओचे बहुतेक पाहुणे 'अज्ञात' म्हणून मोजले जातात. मजकूर म्हणून ठेवायचा असेल तर ४५ अक्षरं द्या, मायएसक्यूएलमध्ये बायनरी ठेवायचा तर १६ बाइट.

शोधायला मॅक्समाइंडची जिओलाइट एएसएन ही मोफत फाइल पुरेशी आहे. त्यांच्या साइटवर खातं उघडून लायसन्स की घ्यावी लागते. फाइल तुमच्याच सर्व्हरवर ठेवा आणि जिओआयपीअपडेट हे साधन क्रॉनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या ठरलेल्या वेळेला काम करणाऱ्या सोयीत, आठवड्यातून एकदा चालवा. पत्ता दिला की ही फाइल एएस क्रमांक आणि संस्थेचं नाव देते. एकच पत्ता लहान आणि मोठ्या अशा दोन गटांत बसत असेल तर लहान गटाचं उत्तर धरायचं, रस्ते शोधणारे राउटरही तसंच करतात. फाइल वाचणारी लायब्ररी हे स्वतःच सांभाळते.

प्रत्येक पाहुण्यासाठी हूइजला विचारत बसू नका. ते सर्व्हर मर्यादा लावतात आणि ऐन गर्दीत उत्तर देणं थांबवतात. एखादाच पत्ता हाताने तपासायचा असेल तर टीम कम्रीची मोफत डीएनएस सेवा वापरा. तिच्या नावाचं स्पेलिंग सी-वाय-एम-आर-यू असं आहे. पत्त्याचे चार आकडे उलटे लिहायचे: २०३.०.११३.४५ असेल तर ४५.११३.०.२०३, आणि त्यापुढे ओरिजिन डॉट एएसएन डॉट सी-वाय-एम-आर-यू डॉट कॉम. या नावाची टीएक्सटी (डीएनएसमधली मजकुराची) नोंद मागितली की क्रमांक, गट, देश, नोंदणी संस्था आणि वाटपाची तारीख एका ओळीत येते. या उदाहरणातला पत्ता मात्र फक्त लिखाणासाठी राखीव आहे, त्याला काहीच उत्तर येणार नाही. म्हणूनच तुमच्या कोडचा 'सापडलं नाही' हा भाग तपासायला तो उत्तम.

मोजणी नावावरून न करता क्रमांकावरून करा. कंपन्या विलीन होतात, तक्त्यातली नावं जुनीच राहतात, आणि एका कंपनीचे अनेक क्रमांक असतात. क्रमांकापुढे तुम्हाला हवं ते मराठी नाव लिहिलेला छोटा तक्ता स्वतः बनवा. रिव्हर्स डीएनएसमध्ये, म्हणजे पत्त्यावरून नाव शोधताना, मिळणारं नाव पुरावा म्हणून धरू नका. मोबाइल पत्त्यांना ते बहुधा नसतंच, आणि असलं तरी गटाचा ताबा असणारा त्यात काहीही लिहू शकतो.

ठिकाणावर विसंबू नका

मोबाइलचा डेटा गावातल्या टॉवरवरून कंपनीच्या दूरच्या गेटवेपर्यंत जातो आणि तिथून इंटरनेटवर निघतो. पत्त्यांचा गट त्या गेटवेचा असतो, गावाचा नसतो. म्हणून वणीचा कास्तकार कधी नागपूर, कधी पुणे, कधी मुंबईचा दिसतो. हाताशी बारीक माहिती नसली की काही तक्ते कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचं शहरच टाकून मोकळे होतात. हवामान किंवा भाव जिल्हावार दाखवायचे असतील तर तालुका निवडायची यादी द्या आणि निवड कुकीत ठेवा. दुसरा भरवशाचा उपाय नाही.

ब्लॉक करताना तर फारच जपा. पीक विम्याची शेवटची तारीख असली की सीजीनॅटच्या एका आयपीव्ही४ पत्त्यावरून एकाच वेळी कितीतरी जण येतात. मिनिटाला अमुक विनंत्या अशी कडक मर्यादा लावली तर रांगेतले सगळे बाहेर फेकले जातात. आयपीव्ही४ वर मर्यादा सैल ठेवा आणि लॉगिनवर वेगळी लावा. आयपीव्ही६ वर मर्यादा पूर्ण पत्त्यावर लावली तर उपयोग नाही, कारण फोन तो सारखा बदलतो. पहिल्या ६४ बिटांवर लावा, मोबाइलला तेवढा गट एकट्याला मिळतो.

फसवणुकीची तक्रार द्यावी लागली तर आयपीव्ही४ चा नुसता पत्ता अपुरा पडतो. त्या क्षणी तो पत्ता कोणाकडे होता हे कंपनी फक्त पोर्ट आणि अचूक वेळ मिळाल्यावरच शोधू शकते. म्हणून लॉगमध्ये सोर्स पोर्ट (पाहुण्याच्या बाजूचा जोडणीचा क्रमांक) आजच चालू करा आणि वेळ सेकंदापर्यंत, भारतीय वेळ की यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) ते लिहून ठेवा.

तुम्ही स्वतः लहान सेवा देत असाल, स्वतःचा एएस क्रमांक असेल आणि ग्राहक भलत्याच शहरात दिसत असतील, तर जिओफीड नावाची साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) फाइल आपल्या साइटवर ठेवा. एका ओळीत गट, देशाचा कोड आयएन, राज्याचा कोड आयएन-एमएच आणि शहर, उदाहरणार्थ यवतमाळ, एवढंच लिहायचं. कोड आणि शहराचं नाव रोमन लिपीत, रकान्यांमध्ये स्वल्पविराम. फाइलचा दुवा इरिनमधल्या तुमच्या गटाच्या नोंदीत टाका आणि तक्ते बनवणाऱ्या कंपन्यांच्या दुरुस्तीच्या फॉर्ममधूनही कळवा. त्यांची पुढची आवृत्ती निघेपर्यंत जुनंच शहर दिसत राहील, तोवर फाइल पुन्हा पुन्हा बदलू नका.